कंठाचं कुलूप

८ फेब्रुवारी, वणी

ज्यांनी आम्हाला हसून परत पाठवलं होतं, त्यांचीच आज मेल आली. मी परत परत वाचली. इंद्रजितला मोठ्यानं वाचून दाखवली, तेव्हा कुठे खरी वाटली.

नागपूरची ती मोठी कंपनी. आमची डबी त्यांच्या साहेबांपुढे ठेवली होती तेव्हा ते म्हणाले होते, "ही साबणदाणी आहे का?" आता लिहितात, तुमचं कुलूप आम्हाला वापरायला द्या. म्हणजे 'कंठ'वर घेतलेलं गाणं त्यांच्या स्पीकरवर, इअरफोनवर, कानाच्या यंत्रावर, आणखी कशाकशावर वाजेल. दर विक्रीमागे आम्हाला वाटा.

'कंठ' आमचा, माझा आणि इंद्रजितचा. एक अ‍ॅप आणि एक छोटी डबी. इकडच्या गायकांची गाणी आम्ही विकतो, आणि ती त्या अ‍ॅपमध्ये नाहीतर त्या डबीतच वाजतात. दुसऱ्या कशाला जोडायला गेलं की बंद. ते कुलूप मी बनवलं. पुण्याची नोकरी सोडून त्यासाठीच इथे आले.

बाबांसाठी आले, असं म्हटलं तरी चालेल. राजूरच्या खाणीत जन्म काढून ते भीमगीतं गायले. वणी ते चंद्रपूर प्रत्येक ट्रकमध्ये नागोरावांचा आवाज असायचा, आणि घरी त्याचा रुपया यायचा नाही. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डावर गाणी फुकटात भरून मिळायची. एका लग्नात तर कुणीतरी मोठ्या प्रेमानं बाबांना एक कार्ड भेट दिलं. "काका, ऐका, लई भारी गाणे हायेत." सगळी बाबांचीच.

म्हणून मी लगेच उत्तर लिहिलं, नाही. इंद्रजितनं माझ्या हातातून माऊस काढून घेतला. "थांब. पाठवू नको."

त्या मेलपेक्षा हा धक्का मोठा होता.

१० फेब्रुवारी

भांडलो. इंद्रजितच्या घरची ढाणकीला शेती आहे, आठवडी बाजारात वाढलेला माणूस. त्याला सगळं गिऱ्हाइकाच्या बाजूनं दिसतं.

"लोकायपाशी आधीच स्पीकर हाय, मैत्रेयी. आपलीच डबी घ्या म्हणाचं कायले?"

"किल्ली एकाच्या हातात असते तोवर कुलूप. दहांच्या हातात गेली की फक्त लोखंड."

"अन् चोर बाहेर ठेवता ठेवता तू गिऱ्हाईकच बाहेर ठेवून राह्यली, त्याचं काय?"

मला इतकं लागलं की आवाज चढला. बाबा तिथेच खिडकीपाशी पेपर वाचत बसले होते. मी म्हणाले, "बाबा, तुम्हीच सांगा याला." त्यांनी पान उलटलं. मान वर केली नाही. मी परत विचारलं, तरी नाही.

समजायचं ते समजले. बाबा इंद्रजितच्या बाजूनं आहेत, मला दुखवायचं नाही म्हणून गप्प राहिले. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, त्यांनीच?

२३ फेब्रुवारी

आज वाद नाही. बाबांच्या नव्या गाण्यांचं रेकॉर्डिंग झालं. मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावल्यात, तोच आमचा स्टुडिओ. पेटीवर उकंडाकाका, बाबांचे खाणीतले जुने सोबती.

बाबा आज वेगळेच गायले. डोळे मिटून, छातीतून, आजूबाजूला कुणी नसल्यासारखे. उकंडाकाका सूर देत होते आणि बाबा आपल्याच वाटेनं जात होते. काकांनी पट्टी बदलून त्यांना गाठलं, मग परत बदलली. मधेच माझ्याकडे बघितलं. मी खूण केली, चालू द्या.

त्यातली एक ओळ:
*कोळशाच्या अंधारात अक्षर होतं हाती,*
*त्याच अक्षरानं मले वर काढलं.*

उठताना उकंडाकाका म्हणाले, "दादा आज वेगळेच लागून राह्यले."

"हो ना काका! इतकं मोकळं कधीच गायले नव्हते."

काका काहीतरी बोलणार होते. मग चपला शोधायला लागले.

९ मार्च

गायकांची बैठक बोलावली. सगळे माझ्या बाजूनं उभे राहतील आणि इंद्रजितचं तोंड बंद होईल, असं वाटलं होतं.

धम्मरत्न राहिले उभे. लग्न-बारशांत गाऊन म्हातारे झालेले गृहस्थ. म्हणाले, "मैत्रेयीनं कुलूप लावलं तवा पहिल्यांदा गाण्याच्या पैशानं माह्या घरी किराणा आला. ते उघडू नोका."

मग उर्वशी उठली. आमची सगळ्यात जास्त ऐकली जाणारी गायिका. चोवीस-पंचविशीची असेल.

"ताई, माह्या आजीनं माहं गाणं विकत घेतलं. फुकट नाही, विकत. स्पीकरले जोडलं तं चूप. तिले वाटलं तिचंच काही चुकलं. मंग मी तिच्यापुढं बसून गाऊन दाखवलं. विकत घेऊनही ऐकता येत नसन तं हे काय कामाचं?"

मी म्हणाले, आजीसाठी डबी पाठवते. ती म्हणाली, "डबी नोको. माही गाणी काढून टाका तुमच्यावरून."

मी चिडले होते. तिच्यासमोरच तिची गाणी काढली. एक बटण, बस. मग संध्याकाळपर्यंत फोन थांबेनात. गाणं पैसे देऊन घेतलं होतं, कुठं गेलं? पांढरकवड्याहून एक बाई विचारत होती, "माह्या मोबाइलमंदी तुमी शिरले कशा?"

 मी विकलेली वस्तू लोकांच्या खिशातून काढून घेतली होती, आणि ते इतकं सोपं असेल हे बनवताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण नियमात तसं लिहिलेलं आहे. चूक माझी नाही.

२६ मार्च

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. विचारलं तर भलतंच उत्तर देतात, नाहीतर हसून मान हलवतात. टीव्ही एवढा मोठा की शेजारचे येऊन सांगून गेले. मी बारीक केला, त्यांनी परत वाढवला. हा कसला राग म्हणायचा? उर्वशीचं सगळं त्यांच्या कानावर गेलेलं दिसतं.

आई म्हणाली, "त्यायच्याशी बोलाचं तं समोर येऊन बोलत जाय."

"मी काय त्यांच्या पाठीमागं बोलते का?"

आई माझ्याकडे बघत राहिली. ती पण त्यांचीच.

१४ एप्रिल, राजूर

आज झालं ते लगेच लिहून ठेवते.

दरवर्षीसारखा कार्यक्रम होता. निळे झेंडे, खाणीच्या वसाहतीतली सगळी माणसं, पुढे पोरंसोरं बसलेली. बाबा उभे राहिले तेव्हा टाळ्या. पहिलं कडवं चांगलं झालं. दुसऱ्यात बाबा आणि पेटी वेगळ्या वाटांनी गेले. उकंडाकाकांनी पाठलाग केला, सापडेना, शेवटी हात उचलून घेतले. ढोलकीही थांबली.

बाबा थांबले नाहीत.

डोळे मिटून गात राहिले, एकटे, भलत्याच सुरात.  मग मागून कुणीतरी चांगल्या मनानं टाळ्या सुरू केल्या, म्हणजे गाणं संपेल. सगळ्यांनी वाजवल्या. बाबा गातच होते. एक पोरगी हसली, तिच्या आईनं तिला चापट मारली.

मी स्टेजवर गेले. खांद्यावर हात ठेवला तर बाबा दचकले. डोळे उघडले. समोर टाळ्या, बाजूला बंद पेटी. माझ्या ओठांकडे बघत त्यांनी विचारलं, "ते वाजवून राह्यले ना?"

ओठांकडे. डोळ्यांकडे नाही.

 पेपरचं पान, टीव्ही, ते हसून मान हलवणं, सगळं एकदम समजलं. काय समजत होते मी इतके दिवस!

१७ एप्रिल

चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. खाणीतले सुरुंग, यंत्रांचा आवाज. कान हळूहळू गेलेत. डॉक्टर म्हणाले, एवढे दिवस यांनी कसं निभावलं?

घरी आल्यावर मी आईवर ओरडले. "तू सांगितलं काहून नाही?"

"त्यायनं शपथ घातली होती. म्हणे, पोरगी माह्या गाण्यासाठी नोकरी सोडून आली. मले ऐकू येत नाही हे समजलं तं तिनं कोणासाठी कराचं?"

 बाबा बाजूलाच बसले होते आणि आम्ही दोघी रडतोय हे बघून पाणी आणायला उठले.

२१ एप्रिल

आज कानाचं यंत्र मिळालं. त्यातल्या त्यात परवडणारं, आणि ते त्याच नागपूरच्या कंपनीचं. डॉक्टरांनी डबा पुढे केला तेव्हा त्यावरचं नाव बघून मी ओशाळले.

यंत्र लावल्याबरोबर बाबांनी डोळे मोठे केले. पंख्याचा आवाज. माझ्या बांगड्या. रस्त्यात ऑटोवाल्याचा हॉर्न ऐकून दचकले आणि मग हसले. घरी आले ते थेट स्वयंपाकघरात, आईला म्हणाले, "बोल काही."

"काय बोलू?"

"हेच. झालं."

मग म्हणाले, नवी गाणी ऐकव. डबी समोर ठेवली, पण यंत्रातून त्यांना ते कढईत खडे हलवल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, संगीत ऐकायचं तर फोन थेट यंत्राला जोडा. जोडला. बाबांनी स्वतःच्या गाण्यावर बोट ठेवलं.

आवाज नाही. पडद्यावर अक्षरं आली: *हे साधन मान्य नाही.*

ते वाक्य माझं आहे. मी लिहिलेलं, चहा पिता पिता, दुसरा विचार न करता.

बाबांनी एकेक शब्द वाचला. माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, खरंच विचारत होते.

"कोणाले मान्य नाही?"

२२ एप्रिल

बाबांच्या फोनपुरतं कुलूप काढणं मला अवघड नव्हतं. बसलेही होते त्यासाठी. पण आधी तक्रारींच्या फोल्डरमध्ये 'यंत्र' हा शब्द शोधला. का शोधला माहीत नाही.

होत्या तक्रारी. पुसदचे कुणी निवृत्त शिक्षक: आईला फक्त कानाच्या यंत्रातून ऐकू येतं, तिच्यासाठी जात्यावरच्या ओव्या घेतल्या, वाजत नाहीत. आर्णीची एक मुलगी, स्वतःबद्दलच लिहिणारी. सगळ्यांना उत्तर गेलेलं. माझ्याच नावानं. नियमात बसत नाही, क्षमस्व.

मी ते वाचत बसले. हे वाचलं होतं मी तेव्हा? वाचलं असणार, उत्तर दिलंय म्हणजे.

इंद्रजितला फोन करून म्हणाले, "देऊ या कुलूप. फक्त त्यांनाच नाही. जो मागेल त्याला, सगळ्यांना एकाच अटीवर."

 तो म्हणाला, "मैत्रेयी, तू बरी हायेस ना?"

८ मे

सही झाली. मी सरळ सांगितलं, किल्ली फुटली तर आम्ही करार मोडू शकतो, ही अट पाहिजे. ते कबूल झाले. नागपूरच्या साहेबांना साबणदाणी आठवत नव्हती. मलाच आठवत होती.

धम्मरत्न सहीनंतर एवढंच म्हणाले, "पाहू." उर्वशीला कळवलं. तिचं उत्तर आलं, गाणी परत ठेवा, आजीला आधी ऐकवते, मग राहायचं की नाही ते सांगते.

१९ मे

आज बाबांच्या यंत्रावर 'कंठ' वाजलं. आम्ही सगळे जमलो होतो. आईनं गोड सोजी केली होती. उकंडाकाका नवा सदरा घालून आले होते.

बाबा ऐकत होते आणि आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. हसू येईल म्हणून वाट बघत होतो. आलं नाही. चेहरा पांढरा पडत गेला.

"हे कोण गाऊन राह्यलं?"

"तुम्हीच, बाबा."

"मी?" पुन्हा ऐकलं. "'वर काढलं' म्हणताना सूर वर जाते ना? मी खालीच राह्यलो. पेटी कुठं, मी कुठं..." मग उकंडाकाकांकडे वळले. "तू होता ना तिथं?"

काकांनी मान खाली घातली.

"तू बी होती." हे मला. "कोणीच नाही बोललं?"

मला काय सांगता येणार होतं? की मला ते चुकल्यासारखं वाटलंच नाही? की मला ते तुमचं सगळ्यात मोकळं गाणं वाटलं होतं? त्यांना ऐकू यावं म्हणून मी आमची कंपनी उलटीपालटी केली, आणि त्यांना जे ऐकू आलं ते हे.

"काढून टाक ते," बाबा म्हणाले. यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मग दिवसभर लावलंच नाही.

मी गाणं काढलं. तेच बटण.

३० मे

कुलूप फुटलं.

इंद्रजित सांगायला आला. कुणीतरी नागपूरवाल्यांचा स्पीकर खोलून आतली किल्ली काढली. बस स्टँडजवळच्या लखीरामच्या मोबाइल दुकानात 'कंठ'ची सगळी गाणी कार्डावर भरून मिळतात. मी स्वतः जाऊन बघितलं. धम्मरत्नांची, उर्वशीची. आणि बाबांचं ते काढलेलं गाणंही, मी काढायच्या आधीच कुणीतरी उतरवून घेतलेलं.

माझ्या बटणाचा आता काही उपयोग नाही. मी काढलेलं गाणं प्रत्येक कार्डात जिवंत आहे.

"माही चूक," इंद्रजित म्हणाला. मी सांगितलं होतं ना, असं म्हणायची हीच वेळ होती. तोंडातून निघालं नाही. त्याला बसवलं, पाणी दिलं.

२ जून

करार मोडायचा की नाही?

मोडला तर नवी गाणी तरी वाचतील. धम्मरत्नांचा फोन आला होता. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बाई, मी बोललो होतो." बस. त्यांना काय तोंड दाखवू?

पण मोडला की कानाची यंत्रंही बंद. पुसदच्या त्या शिक्षकांची परवा मेल आली आहे. आईनं ओव्या ऐकल्या, सोबत म्हणूही लागली, असं लिहिलंय. त्यांना आता परत 'मान्य नाही' असं लिहू?

दिवसभर विचार केला. नाही मोडत. किल्ली बदलू, सगळ्यांनाच नवी देऊ, ती फुटेल तेव्हा परत बदलू. धम्मरत्नांकडे उद्या स्वतः जाते. काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. बरोबर करते आहे की नाही हेही माहीत नाही.

१२ जून

बाबांचं यंत्र तपासायला चंद्रपूरला गेलो होतो; डॉक्टरांनी ते असं जुळवून दिलं की आता बाहेरचा सूरही स्पष्ट कळतो. हल्ली परत लावतात, पण गाण्यासाठी नाही. गाणं हा विषयच घरात बंद आहे. परतताना चहासाठी एका टपरीवर थांबलो. कोळशाचे ट्रक रांगेनं उभे होते. त्यातल्या एका केबिनमधून बाबांचा आवाज आला.

तेच गाणं.

मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. "बाबा, चला," म्हणाले. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. ट्रकचा ड्रायव्हर काच पुसता पुसता सोबत गात होता. मोठ्यानं, बेफिकीर. 'वर काढलं'वर आला आणि बाबांसारखाच खाली राहिला. सूर न् सूर तसाच.

बाबा उठले. मी मागोमाग गेले.

"भाऊ, गाणं कुठून घेतलं?" मीच आधी विचारलं.

"लखीरामकडून. सब भरून देते तो."

बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. "तू चुकीचं गाऊन राह्यला," ते म्हणाले. "'वर' म्हणताना सूर वर न्या लागते. असा." आणि त्यांनी गाऊन दाखवलं. यंत्र कानात, रस्त्यावर, ट्रकच्या धुरात. सूर बरोबर लागला. वर गेला. कित्येक दिवसांनी मी त्यांना गाताना ऐकत होते.

ड्रायव्हरनं नीट ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"नाही काका. चांगलं गाता तुमी, पण हे असं नाही."

"असंच हाय."

"मी रोज ऐकतो ना! तो माणूस खाणीत हाय, काका. अंधारात, लई खाली. तिथून 'वर' म्हणून राह्यला. त्याचा आवाज खालूनच येईन ना? वर कसा जाईन?"

बाबा त्याच्याकडे बघत राहिले.  

"आयकून पाहा परत," म्हणत ड्रायव्हरनं गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. बाबा ट्रकच्या दाराला हात टेकून शेवटपर्यंत उभे राहिले. आपण कोण हे त्यांनी सांगितलं नाही. मी सांगायला पुढे झाले तर डोळ्यांनीच दटावलं.

मग गाडीनं निघालो. वणीच्या वेशीपाशी बाबा म्हणाले, "ते काढून टाकलेलं गाणं परत ठेव."

"पुन्हा रेकॉर्ड करून?"

"नाही. हाय तसं."